साउंड कार्ड घ्यावें कीं नाहीं?

संगणकावर खेळ खेळणाऱ्या व गाणीं ऐकणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधूंची एक मागणी वारंवार कानीं येते, ती ही कीं घरीं चांगलें साउंड कार्ड आणावें. वाणगांवांत मिरची अथवा चिकू विकून चार पैसे गांठीं बांधणाऱ्या पालकांनीं ती पुरवावयाची, तर त्या वस्तूचें कार्य काय, हें आधीं समजून घेणें युक्त होय.

संगणकांत गाणें अंकांच्या रूपानें सांठविलेलें असतें. त्या अंकांपासून चढउताराचा विद्युत्प्रवाह बनवून तो हेडफोनास पुरविणें, हें कार्डाचें मुख्य काम. १९८९ सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें ‘साउंड ब्लास्टर’ विक्रीस आणिलें, तेव्हां घरगुती संगणकांपैकीं पुष्कळांना पींपीं याहून फारसें कांहीं येत नसे. आज हें काम करणारी चिप मदरबोर्डावरच बसविलेली असते. खेळांत शत्रूचें पाऊल मागून वाजलें कीं उजवीकडून, याचें गणितहि आतां बहुधा खेळाचा प्रोग्रामच करितो. त्यास साधा दोन कानांचा हेडफोन पुरतो.

मग निराळें कार्ड कोणीं घ्यावें? गाणें न लावितां हेडफोन घालावा आणि आवाज हळूहळू वाढवावा. माऊस हलवितांच चरचर ऐकूं आली, तर संगणकाच्या पोटांतील विजेची गडबड ध्वनींत शिरत आहे असें समजावें. तेथें यूएसबीनें जोडावयाचें बाहेरचें कार्ड उपयोगी पडतें. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहावा. गुणगुण तत्काळ थांबली, तर दोष बहुधा चार्जरचा किंवा घराच्या अर्थिंगचा. अशा वेळीं दुकानाआधीं वायरमन गांठावा. चरचर नाहीं, गुणगुण नाहीं, तर आमच्या मतें पैसे हेडफोनावरच घालावे. अडीचशे ओहमचा हेडफोन घेणाऱ्यास अधिक जोराचें कार्ड लागेल. बत्तीस ओहमवाल्यास सहसा नाहीं.

हेडफोन पारखावयास आपल्याकडील तारप्याचें ध्वनिमुद्रण फार चांगलें. वाळलेल्या भोपळ्याच्या या वाद्यांत वादक दम न तोडतां फुंकतो, आणि सूर मध्यें खंडत नाहीं. नाचाच्या फेरांत उभें राहून ज्यानें तो ऐकला, त्याला जिभळीचा खरखरीतपणा ठाऊक असतो. हलका हेडफोन खर्ज फुगवून नेमका तोच गिळतो. यंत्राची गुणगुण मात्र त्या अखंड सुरांत दडते. म्हणून वादन थांबल्यानंतरचे दोन क्षण अवश्य ऐकावे.

खोक्यावरील १,९२,००० या आंकड्यानें दिपून जाऊं नये. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपलीकडे ऐकत नाहीं, व तेवढ्यांस सीडीचे ४४,१०० नमुने पुरतात. पालकांनीं ध्यानांत ठेवावयाचा आंकडा दुसराच आहे: जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास, ही मर्यादा सांगितली आहे. आवाज त्याहून वाढला कीं तास झपाट्यानें कमी होतात.

खरेदीस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जावयाचें झाल्यास ग्रँट रोड स्टेशनावर उतरावें, स्वतःचा हेडफोन बरोबर न्यावा, आणि न जुळल्यास वस्तु परत घेण्याची बोली पावतीवर लिहून घ्यावी.