पोलादी घटकांचे संकल्पन आणि संगणक

कारखान्याची शेड असो, रेल्वेचा पूल असो वा विजेच्या तारांचा मनोरा असो, पोलादी सांगाडा हा अनेक घटकांचा मेळ असतो. कैचीतील काही घटक ताणले जातात, काही दाबले जातात. तुळई वाकते, तर स्तंभाला बहुधा दाब आणि वाक दोन्ही सोसावे लागतात. साहजिकच प्रत्येकाची कसोटी निराळी असते.

पूर्वीच्या संगणकीय आज्ञावलीत घटकांची माहिती एकीकडे व आकडेमोड दुसरीकडे असे. नियम बदलला की अनेक ठिकाणी दुरुस्ती करावी लागे. एखादी जागा नजरेतून सुटली, तरी संगणक उत्तर देतच राही. मात्र ते चुकीचे असे.

वस्तुकेंद्री रचना

नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या 'सिम्युला ६७' या संगणकभाषेने वेगळी वाट दाखविली. माहिती आणि तिला लागू होणारे नियम एकाच 'वस्तू'त ठेवावयाचे, हे तिचे सूत्र.

पोलादी संकल्पनात 'घटक' हा मूळ वर्ग मानला जातो. लांबी, छेद व पोलादाची प्रत हे त्याचे गुण. 'ताण घटक', 'दाब घटक' व 'तुळई' हे उपवर्ग ते वारशाने घेतात आणि त्यांत आपापल्या कसोट्यांची भर घालतात. "हा भार पेलेल काय?" असा एकच प्रश्न सर्वांना विचारला जातो, उत्तर मात्र प्रत्येक जण स्वतःच्या नियमाने देतो. ताण घटक बोल्टच्या छिद्रांमुळे घटलेले क्षेत्रफळही तपासतो. दाब घटक आपण बाजूला बाकणार नाही ना, हे पाहतो.

भारतीय मानक ८०० ची १९८४ ची आवृत्ती अनुज्ञेय प्रतिबलांवर आधारलेली होती. २००७ च्या आवृत्तीने मर्यादा-अवस्था पद्धतीला मुख्य स्थान दिले. अशा वेळी केवळ कसोटीचा भाग बदलतो. घटकाची लांबी व छेद यांची नोंद तशीच राहते.

अभियंत्याची जबाबदारी

तथापि, वस्तूला दिलेली माहितीच चुकीची असेल तर? अमेरिकेतील हार्टफर्ड येथील क्रीडागृहाचे छत संगणकाच्या साहाय्याने संकल्पित केलेले होते. १८ जानेवारी १९७८ रोजी पहाटे ते बर्फाच्या भाराखाली कोसळले. काही तासांपूर्वीच तेथे हजारो प्रेक्षक होते. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. वरच्या दाब घटकांना संकल्पनात गृहीत धरलेला बाजूचा आधार प्रत्यक्षात पुरेसा नव्हता, हे चौकशीत पुढे आले.

सडपातळ दाब घटकाची आधाररहित लांबी दुप्पट झाली, की त्याची बाकण्यापूर्वी भार पेलण्याची क्षमता सुमारे एक चतुर्थांशावर येते. म्हणूनच 'लांबी' या एका नोंदीवर संपूर्ण छताची सुरक्षितता अवलंबून असू शकते. संगणक नियम विसरत नाही. परंतु आधार खरोखरच आहे की नाही, हे बांधकामावर जाऊन अभियंत्यानेच पाहावयाचे असते.