पाच दिवस आणि सहा वर्षं

सोलापूर,
डिसेंबरचा दुसरा रविवार

चि. बाळास,

तुझ्या कुमार-कादंबरीची तीन प्रकरणं मिळाली. दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मोठ्यानं, तुझ्या मामीला ऐकवत. भाषा स्वच्छ आहे, वाक्य कुठं अडखळत नाही. पण तिसरं प्रकरण संपल्यावर मामीनं विचारलं, "हा पोरगा राहतो कुठं?" मला सांगता येईना. डोंगरावरची निवासी शाळा, धुकं, देवदाराची झाडं. हे सगळं तू वाचलेल्या पुस्तकांतून आलंय, पायाखालून आलेलं नाही.

त्याकडे वळतोच. आधी तुझ्या पत्रातला प्रश्न. साने गुरुजींनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली, मग मला तीन प्रकरणांना वर्ष का लागलं, असं तू विचारतेस. गोष्ट खरी आहे. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटे हातावेगळं केलं. ही हकिकत आपण चमत्कारासारखी सांगतो आणि त्यामुळंच तुझ्यासारखी पोरं खचतात. पण तुरुंगाच्या आधीचं अमळनेर कुणी सांगत नाही. १९२४ पासून सहा वर्षं गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, वसतिगृहात मुलांबरोबर राहत होते, त्यांच्या खोल्या झाडत होते. आणि त्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढत होते. हातानं लिहिलेलं, रोजच्या रोज. विचार कर, वाचक म्हणजे शेजारच्या खोलीतली मुलं! लिहिलेलं कंटाळवाणं झालं तर ते त्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसणार. कुठल्या वाक्याला मूल मान वर करतं आणि कुठं त्याचे डोळे भरतात, हे त्या रोजच्या कागदांनी त्यांना शिकवलं असेल, असं मला मनापासून वाटतं. त्या सहा वर्षांशिवाय ते पाच दिवस आलेच नसते. म्हणून रोज किती पानं लिहावीत याचा हिशेब सोड. रोज एक पान लिही, पण ते कुठल्या तरी मुलाच्या कानावर घाल. तुझ्या वसतिगृहाच्या खानावळीत भाजी चिरणाऱ्या मावशींची मुलगी आठवीत आहे, असं तूच लिहिलं होतंस. तिला ऐकव.

आता गावाचं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला. समुद्राच्या तळाची, चंद्रावरची अद्भुत सफर त्यांच्या हाताखालून गेली होती. गोष्ट कुठं तोडायची, संकट कधी आणायचं, हे माणूस अनुवाद करताना जितकं शिकतो तितकं नुसतं वाचून शिकत नाही. (तूही एखादं आवडतं प्रकरण मराठीत करून बघ, छापायला नव्हे, हातासाठी.) पण स्वतःचा नायक घडवायची वेळ आली तेव्हा त्यांनी परदेशी धाडसी पोरगा नाही आणला. बनेश ऊर्फ फास्टर फेणे आणला, फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काटकुळा, सायकलवर उंडारणारा. फुरसुंगी हे नाव वाचलं की पोराला वाटायचं, अरे, हा आपल्याच बाजूचा! तेवढ्यानं भीतीही खरी व्हायची आणि धाडसही. मी सातवीत होतो तेव्हा फास्टर फेणे वाचून सायकल घेऊन हिप्परग्याच्या तलावापर्यंत एकटा गेलो होतो. परत आल्यावर मार खाल्ला, पण त्या दिवशी आपलं गाव मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

तुझ्यापाशी सोलापूर आहे, बाळ. एका गल्लीत घरात कानडी, शेजारी तेलुगू, शाळेत मराठी बोलणारं मूल महाराष्ट्रात किती ठिकाणी सापडतं? आता रात्री जेवणं उरकल्यावर सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी नंदीध्वजांचा, म्हणजे त्या उंच काठ्या पेलायचा, सराव सुरू झालाय. परवा गल्लीतल्या नववीतल्या पोराला विचारलं, का जागतोस? म्हणाला, "अण्णांनी धरलेला, आजोबांनी धरलेला, आता माझी पाळी." त्याला तोल सांभाळता येत नाही, त्याच्या बहिणीला येईल असं मला दिसतं, पण तिला कोण विचारतो? त्यात तुझी कादंबरी आहे. सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लावून घेणाऱ्या कुंभारकन्येची अक्षता दर वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला पडते, आणि त्याच दिवसांत, १२ जानेवारीला, १९३१ साली फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची आठवण असते. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. नावं लागोपाठ उच्चारून बघ, सगळं सोलापूर त्यात येतं. हे धडा म्हणून लिहू नकोस. तुझी नायिका पुतळ्यांजवळ बसची वाट बघत उभी असेल आणि नावं वाचेल, एवढं पुरे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सातवीतल्या एका मुलीनं 'माझी आई' हा निबंध लिहिला. आई विड्या वळायची. पानं रात्री ओल्या फडक्यात कशी गुंडाळून ठेवायची, पत्र्याच्या साच्यावर कात्रीनं कशी कापायची, हजार भरायला दिवस कसा कमी पडायचा आणि तपासनीस थोड्या विड्या मोडून बाजूला टाकायचा तेव्हा आई घरी येऊन कशी गप्प बसायची, हे सगळं तिनं तेलुगू वळणाच्या मराठीत लिहिलं होतं. मी लाल शाईनं वाक्यं 'शुद्ध' केली, आणि 'विषयाला सोडून' असा शेरा मारला. पुढच्या वेळी तिनं 'आई म्हणजे मायेचा सागर' असं लिहिलं. मी त्याला चांगले गुण दिले! पुन्हा कधी तिनं खरं लिहिलं नाही. अजून कुंभारीच्या विडी घरकुलावरून बस जाते तेव्हा मला तो कागद दिसतो. तू लिहायला लागलीस तेव्हा मला जो आनंद झाला त्यात या दुःखाचा वाटा आहे. म्हणून तुला कळवळून सांगतो, तुझ्या पात्रांची बोली धुऊन काढू नकोस. "काय करायलीस" असं आपली पोरं म्हणतात, तसंच राहू दे.

सवयींचं थोडक्यात. एक छोटी वही जवळ ठेव, तिच्यात फक्त ऐकलेलं लिही, सुचलेलं नाही. पहाटे लिहिते म्हणतेस, छान. लिहिलेलं आठवडाभर बंद ठेव. 'किशोर' मासिकाचे जुने अंक हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून ठेवतो.

चौथं प्रकरण टपालानं पाठवू नकोस. गड्ड्याच्या यात्रेला चार दिवस आधी ये. गल्लीतली सातआठ पोरं गच्चीवर जमवतो, तू वाच, मी मागं बसून त्यांची तोंडं बघतो. नंदीध्वजाच्या सरावाला जाणाऱ्या त्या पोराच्या बहिणीलाही बोलावलंय. मामीनं शेंगाची चटणी कुटून ठेवलीय, कडक भाकऱ्या तू आल्यावर करणार म्हणते.

तुझा,
मामा