मज्जारज्जूची इजा आणि पुढील आयुष्य

मज्जारज्जूतील तुटलेले तंतू आपोआप पुन्हा जुळत नाहीत, व ते जोडणारा खात्रीचा उपाय अद्याप सापडलेला नाही. मग रुग्णाने त्याची वाट पाहत पडून राहावे काय? पूर्वी असे रुग्ण बहुधा शय्याव्रण व मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग यांनीच दगावत. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा नियम घातला. उपाय किती साधा! संशोधन अवश्य चालावे. पण उद्याच्या उपचारासही व्रणरहित, सुदृढ देहच लागेल. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनादिवशीच, तेथे सोळा जायबंदी माजी सैनिक स्त्रीपुरुष चाकांच्या खुर्चीतून धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरले. धनुष्य ओढताना खांदे बळकट होतात, आणि खुर्चीही त्याच बळावर चालते.