शालेय ध्वनिमालिकेसाठी संगीताची निवड

सातवीच्या विद्यार्थ्यांनी गावच्या जुन्या विहिरींची माहिती वृद्धांकडून मिळवावी, ती आपल्या शब्दांत मांडावी आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून सर्वांना ऐकवावी, हा भाषा व परिसर अभ्यास या दोन्ही दृष्टींनी उत्तम उपक्रम होय. अशा ध्वनिमालिकेस आज पॉडकास्ट म्हणतात. भाग तयार झाला की त्याच्या आरंभी व शेवटी थोडे संगीत असावे असे मुलांना साहजिकच वाटते, आणि शिक्षक हाताशी असलेले एखादे चित्रपटगीत त्यास जोडून मोकळे होतात. अडचण येथेच उत्पन्न होते. हक्कधारकाने तक्रार केल्यास तो भाग काढून टाकला जाऊ शकतो. मुलांची महिनाभराची मेहनत त्याबरोबर जाते. कायद्याची जबाबदारी अंगावर येते ती निराळीच.

भारताचा स्वामित्वहक्क कायदा, म्हणजेच कॉपीराइटचा कायदा, 1957 चा आहे. गीताच्या एका मुद्रिकेत या कायद्याप्रमाणे शब्दांचा, चालीचा व ध्वनिमुद्रणाचा असे तीन स्वतंत्र हक्क असतात. गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंतांचे हक्क त्यांखेरीज. शब्द व चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत तर असतोच, शिवाय मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क मुद्रिका प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षांचा असतो.

हा हिशेब प्रत्यक्ष करून पाहणे उपयुक्त ठरेल. साने गुरुजींचे निधन 1950 साली झाले. त्यांच्या काव्यावरील हक्क 2010 अखेर संपला. त्यांची शाळाशाळांतून म्हटली जाणारी प्रार्थना मुलांनी स्वतः म्हणून मुद्रित करावी. शब्दांची अडचण नाही, चाल मात्र कोणा अलीकडील संगीतकाराची नसावी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 साली निवर्तले. त्यांची भजने खेडोपाडी इतकी रुळली आहेत की त्यांवर कोणाचा हक्क असेल असे मनातही येत नाही. परंतु शब्दांवरील हक्क 2028 अखेरपर्यंत आहे. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून 1955-56 साली प्रथम प्रसारित झाले. त्यातील गीताची एखादी तबकडी 60 वर्षांहून जुनी असली, तरी ग. दि. माडगूळकर 1977 साली व सुधीर फडके 2002 साली निवर्तल्यामुळे शब्दांवरील हक्क 2037 व चालीवरील हक्क 2062 अखेरपर्यंत राहतो. तुकोबांचा अभंग सर्वांचा. पण नामवंत गायकाने नव्या चालीत गायिलेली त्याची मुद्रिका सर्वांची नव्हे. केवळ तबकडीचे वय पाहणाऱ्याची फसगत होते ती यामुळे.

‘शाळेला सर्व माफ असते’ असा एक समज आहे. कायद्याने शाळेस सवलत दिली आहे हे खरे. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी व शिक्षक यांनी गीत सादर करावे, मुद्रिकाही वाजवावी. परंतु श्रोते हे विद्यार्थी, कर्मचारी, पालक व शाळेशी संबंधित मंडळी एवढेच असावेत. स्नेहसंमेलन या मर्यादेत बसते. इंटरनेटवर ठेवलेला भाग जगातील कोणीही ऐकू शकतो, तेव्हा तो या सवलतीचा आधार घेऊ शकत नाही. तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा चालतो, किंवा कलावंताचे नाव घेतले की पुरे, या समजुतींसही कायद्यात आधार नाही.

मग संगीत आणावे कोठून? काही संगीतकार आपली रचना इतरांनी वापरावी अशी परवानगी आधीच देऊन ठेवतात. त्यासाठी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेचे परवाने 2002 पासून प्रचारात आहेत. ‘बीवाय’ म्हणजे कर्त्याचे नाव द्यावे. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी उपयोग करू नये. ‘एसए’ म्हणजे रचनेत फेरफार करून नवी कृती केल्यास तीही त्याच अटींवर खुली करावी. ‘एनडी’ म्हणजे फेरफार केलेली रचना प्रसृत करू नये. बोलण्याखाली संगीत कापून, लांबवून बसवावे लागते, म्हणून ‘एनडी’ खुणेचे संगीत शाळेने घेऊच नये हे बरे. ‘सीसी झीरो’ अशी खूण असल्यास कर्त्याने सर्व हक्क सोडलेले असतात. ‘फ्री म्युझिक आर्काइव्ह’, ‘विकिमीडिया कॉमन्स’ व ‘फ्रीसाउंड’ या संकेतस्थळांवर अशा खुणांसह संगीत व ध्वनी मिळतात. प्रत्येक रचनेची खूण स्वतंत्रपणे वाचावी. एकाच स्थळावरील दोन रचनांच्या अटी भिन्न असू शकतात. नुसते ‘फुकट’ लिहिलेले असणे ही परवानगी नव्हे. रचनेचे नाव, कर्ता, स्थळाचा पत्ता, परवाना व उतरवून घेतल्याची तारीख नोंदवहीत लिहावी, आणि भागाच्या शेवटी मुलांकडूनच कर्त्याचे नाव म्हणवून घ्यावे.

तथापि गावच्या विहिरींच्या गोष्टीमागे परदेशी पियानो वाजू लागला म्हणजे तो कानाला परकाच वाटतो. शाळेतील पेटी, ढोलकी, लेझीम, टाळ हे साहित्य हाताशी असताना दूर जाण्याचे कारण नाही. भैरव किंवा भूप रागाचे स्वर कोणाच्या मालकीचे नसतात. पेटी येणाऱ्या मुलाने त्यांत वीस सेकंदांची स्वतःची धून बसविली तर मालिकेचे आरंभसंगीत तयार होते. जात्यावरच्या परंपरागत ओव्या आजही वृद्ध स्त्रियांना मुखोद्गत असतात. हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी पुढाकार घेऊन अशा लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला. त्यांतील ओव्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर गायिकेच्या व तिच्या गावाच्या नावासह प्रसिद्ध होतात. शाळेनेही तोच पाठ घालून घ्यावा. ओवी जुनी असली तरी आवाज त्या आजींचा आहे, आणि कायद्यानेही गाणाऱ्याला हक्क दिलेला आहे. मुद्रण कोठे ऐकविले जाणार हे त्यांना आधी समजावून सांगावे, लेखी संमती घ्यावी. लिहिता येत नसल्यास संमती वाचून दाखवून साक्षीदारासमक्ष अंगठा घ्यावा. मुलांच्या आवाजासाठी पालकांची संमती तशीच आवश्यक आहे.

मुद्रणासाठी दुपारच्या सुट्टीनंतरची वेळ टाळावी. वर्गाची दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून, मोबाइल जाड कापडाच्या घडीवर गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. ढोलकी मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला असावी, नाहीतर ती आजींचा आवाज गिळून टाकते.