हमीपत्रावर सही करण्यापूर्वी

लोणावळे,
कार्तिक, शके १९४७

चिरंजीव बाळ यास,

तुझे पत्र आणि त्यासोबतचा आय-८६४ या अमेरिकी हमीपत्राचा नमुना पोहोचला. सौ. सूनबाईचा मूळ अर्ज मंजूर होऊन प्रकरण आता न्यू हॅम्पशरमधील नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेले, हमीपत्राची १२० डॉलर आणि व्हिसाची ३२५ डॉलर फी तू भरलीस, आणि आता या नमुन्यावर सही करून तो रवाना केला म्हणजे झाले, असे तू लिहितोस. वडगावच्या तहसील कचेरीत उभी हयात दस्तऐवज तपासण्यात घालविलेल्या माणसाला ‘सही केली म्हणजे झाले’ हे शब्द वाचून स्वस्थ बसवत नाही. म्हणून तू विचारलेस त्याहून थोडे अधिक लिहीत आहे.

या कागदाचा पूर्वेतिहास आधी ध्यानात घे. परदेशातून येणारा इसम सरकारच्या खजिन्यावर भार होऊ नये, ही चिंता अमेरिकेच्या कायद्यात १८८२ पासून दिसते. परंतु विसाव्या शतकात दीर्घकाळ जी हमीपत्रे घेतली जात, ती केवळ नैतिक बंधनाची आहेत, त्यांची सक्तीने वसुली करता येत नाही, असा निर्वाळा तिथल्या न्यायालयांनी दिला होता, आणि त्यामुळे हमी देणारा ऐन संकटसमयी हात झटकून मोकळा होऊ शके. ही वाट बंद करण्यासाठी १९९६ च्या कायद्याने हमीपत्रास कराराचे स्वरूप दिले, आणि १९ डिसेंबर १९९७ पासून ही तरतूद अमलात आली. म्हणजे तू जिच्यावर सही करणार आहेस ती, आपल्या जुन्या दप्तरी भाषेत, जामीनकबुलायत आहे. ज्या वडगावात मी नोकरी केली, त्याच वडगावी जानेवारी १७७९ मध्ये कोंडीत सापडलेल्या इंग्रज फौजेच्या मुखत्यारांनी मराठ्यांशी तह केला, दोन असामी ओलीस ठेवल्या, आणि फौज सुखरूप परतल्यावर, सह्या करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता असे सांगून वरिष्ठांनी तो तह धुडकावला. दिलेल्या शब्दाची ती विटंबना आपल्या मावळात अजून कोणी विसरलेले नाही. तुला तशी सबब कोणी सांगू देणार नाही, आणि तुझ्याकडून ती सांगितली जाऊ नये हीच माझी इच्छा.

हे बंधन किती काळ टिकते, याचा तुझ्या पत्रात उल्लेख नाही, म्हणून तो मी करतो. सूनबाई त्या देशाची नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारणतः दहा वर्षे, जमा होईपर्यंत, किंवा तिने तो देश कायमचा सोडेपर्यंत, किंवा तुम्हा दोघांपैकी एकाचा अंत होईपर्यंत तू तिच्या निर्वाहास बांधलेला आहेस; आणि ईश्वर न करो, पण उद्या विवाह मोडला, तरी घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने ही हमी सुटत नाही. तिने उत्पन्नाच्या अटीवर मिळणारे सरकारी साहाय्य घेतले, तर ते देणाऱ्या खात्यास त्याची रक्कम तुझ्याकडून मागता येते, आणि खुद्द तिलाही तुझ्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते. पत्ता बदललास, तर ३० दिवसांच्या आत तसे कळविणे हेही तुझ्यावर बंधनकारक आहे.

आता हिशेबाकडे वळू. तू कुटुंबाची संख्या दोन धरली आहेस, आणि इथेच माझी लेखणी अडली. काही वर्षांपूर्वी तू आमच्या ताईला, तुझ्या आईला, असेच हमीपत्र लिहून देऊन तिकडे नेलेस. ती अद्याप नागरिक झालेली नाही आणि तिने तिथे नोकरीही केलेली नाही. तेव्हा तिची हमी जिवंत आहे, आणि ती तुझ्या घरात राहो वा न राहो, तिला मोजलेच पाहिजे. म्हणजे संख्या तीन झाली. दारिद्र्यरेषेच्या कोष्टकातील रकमेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे असा नियम आहे, आणि २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे दोघांसाठी ते २६,४३७ डॉलर, तर तिघांसाठी ३३,३१२ डॉलर होते. तुझे ३१,००० डॉलरचे वार्षिक उत्पन्न दोघांच्या मानाने पुरेसे होते. तिघांच्या मानाने ते २,३१२ डॉलरनी उणे पडते. घाबरू नकोस. जेवढी तूट, तिच्या तिप्पट मालमत्ता नागरिकाने आपल्या पत्नीसाठी दाखविली म्हणजे ती भरून निघते. तुझ्या बाबतीत ही रक्कम ६,९३६ डॉलर येते, आणि तुझ्या बचतखात्यात त्याहून अधिक शिल्लक असल्याचे तूच लिहिले आहेस. त्या खात्याचा मागील बारा महिन्यांचा उतारा जोड.

याच कारणाने तुझ्या सासऱ्यांचा आग्रह मला अनावश्यक वाटतो. मुलीच्या नावे कामशेतची जमीन बक्षीसपत्राने करून देऊ आणि तिचा सातबारा अमेरिकेस दाखवू, असे ते म्हणतात. त्यामागची माया मला कळते, आणि अर्जदार पत्नीची स्वतःची मालमत्ता हिशेबात धरता येते हेही खरे आहे. परंतु ती मालमत्ता एका वर्षाच्या आत रोख रकमेत बदलता येण्याजोगी असावी लागते, आणि शेतजमिनीचे तसे नसते. सातबारावर चुलतभावांची सामाईक नावे आहेत, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे, आणि कूळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती बिगरशेतकऱ्यास विकता येत नाही. वाटप, खातेफोड, फेरफाराची मंजुरी हे सारे वर्षात आटोपेल असे म्हणण्यास मी धजणार नाही. केवळ एका कागदासाठी चार भावांच्या घरात वाटणीचा विषय काढू नये. माझी पेन्शनही उपयोगाची नाही, कारण हमीदार अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावा लागतो.

तुझा मित्र सहजामीनदार होण्यास तयार आहे, असेही तू लिहितोस. वर सांगितल्याप्रमाणे त्याची गरजच नाही, आणि गरज नसताना दुसऱ्याची मान अडकवू नये. त्याचे आणि तुझे उत्पन्न एकत्र मिळवून चालत नाही; त्याला आपल्या कुटुंबासह सूनबाईला धरून संपूर्ण रक्कम एकट्याने दाखवावी लागते, आणि वर लिहिलेल्या सगळ्या अटी त्याच्यावरही तितक्याच काळ लागू होतात. मैत्रीखातर होकार देणाऱ्या किती जणांनी हे वाचलेले असते?

आयकराच्या विवरणपत्राबाबत एकच सांगतो. तुझे लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झाले, आणि तिथे ३१ डिसेंबरला जी स्थिती असेल तीच त्या साली धरली जाते. तेव्हा २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षी ‘अविवाहित’ असे लिहिले गेले असेल, तर ते आधी दुरुस्त करून घे. एका सरकारी कागदावर पती आणि दुसऱ्यावर अविवाहित, हे कोणत्याही कचेरीत खपत नाही.

इकडची जबाबदारी माझी. विवाहनोंदणीचा दाखला लोणावळा नगरपरिषदेतून घेतला आहे. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयामार्फत मागविला आहे. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत सूनबाईचे नाव नुसते घरगुती आहे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वेगळे, त्याची तजवीज चालू आहे; मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे प्रमाणित करून घेईन. वैद्यकीय तपासणीसाठी आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीतील मुलाखतीसाठी तिच्याबरोबर मी स्वतः मुंबईस जाईन.

आता जे मला सर्वांत निकडीचे वाटते ते लिहितो. या हमीपत्राविषयी सूनबाईला तू काहीही सांगितलेले नाही, असे तिच्या बोलण्यावरून दिसले. ‘ते त्यांचे पैशाचे कागद आहेत’ असे ती म्हणाली, आणि मला वाईट वाटले. ज्या कागदात तिच्या अन्नवस्त्राची हमी आहे आणि ज्याच्या आधारे तिला हक्क मिळतो, तो तिला अज्ञात राहावा हे न्यायाचे नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, माहेर हजारो कोस दूर असताना, आपण नवऱ्याच्या मेहरबानीवर जगतो आहोत असे तिला एक दिवसही वाटता कामा नये. आणि तूही ‘मी तुला इथे आणले’ हे वाक्य कधी तोंडातून काढू नकोस. तू सही करशील ती तिच्यावर उपकार म्हणून नव्हे. लग्नात सप्तपदीच्या वेळी जे बोललास, तेच आता तिथल्या कायद्याला समजेल अशा रीतीने लिहून देत आहेस.

तेव्हा कुटुंबाची संख्या दुरुस्त कर, बँकेचा उतारा जोड, मित्राला मोकळा कर, आणि नमुना पाठविण्यापूर्वी एका रविवारी तिला दूरध्वनी करून त्यातील प्रत्येक कलम मराठीत समजावून सांग. ती काही विचारील, त्याचे उत्तर दे. मग सही कर.

ताईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा