‘आवाज वाढवून दे’ म्हणाले, तर

हे बघ, कोणीही येऊन ‘आवाज जरा वाढव गं’ म्हणालं की लगेच फेडर वर ढकलायचा नाही. आधी एवढंच विचारायचं, ही फाइल जाणार कुठे? टीव्हीवर, यूट्यूबवर, की गावातल्या केबलवर? उत्तर मिळाल्याशिवाय ऑडिओला हात लावू नकोस. तू नवीन आहेस, त्यातून मुलगी. एडिट रूममध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचं मत खरं, असा कारभार असतो. म्हणून तुझ्या बाजूने बोलणारा एक आकडा हाताशी हवा.

तो आकडा म्हणजे लाउडनेस, कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप, आणि ते एलयूएफएसमध्ये मोजतात. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये ठरवलं की संपूर्ण कार्यक्रमाची सरासरी उणे २३ एलयूएफएस असावी आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ च्या वर जाऊ नये. अमेरिकेत उणे २४ धरतात. कार्यक्रमापेक्षा जाहिराती मोठ्याने ओरडू नयेत म्हणून तिथे कायदाच झाला आणि डिसेंबर २०१२ पासून तो लागू आहे. आपल्याकडे १९९४ च्या केबल टीव्ही नियमांत, सातव्या नियमात, जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं म्हटलंय. पण अवाजवी म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही! त्यामुळे प्रत्येक चॅनेलची आपापली टेक्निकल शीट असते. ती मागून घे, तोंडी नको, मेलवर. ‘आपलं नेहमीचंच आहे’ असं कोणी म्हणालं, तरी गोड हसून पुन्हा मागायची.

आता मीटरचं सांगते. तुझ्या टाइमलाइनशेजारी जो हिरवा-पिवळा पट्टा नाचत असतो, तो पीक दाखवतो. आवाज एका क्षणी किती उंच उडी मारतो, तेवढंच त्यातून कळतं. माणसाच्या कानाला काहीतरी मोठं वाटतं ते असल्या एका उडीने नाही. नाशिक ढोलाचा टोला आणि कॉम्प्रेसरने दाबून भरलेली जिंगल, दोन्ही पीक मीटरवर एकाच रेघेला टेकतील, पण घरातले लोक रिमोट शोधतात ते जिंगल लागल्यावर. लाउडनेस मीटर कानाच्या सवयीने मोजतो. अगदी खालचा घुमारा तो कमी धरतो, दोन हजार हर्ट्झच्या वरचं जास्त धरतो. म्हणून मिरवणुकीत ढोलापेक्षा ताशा आणि झांजा आकडा चढवतात. आणि शेवटी दहा सेकंद शांतता चिकटवून सरासरी खाली आणायची युक्ती कोणी शिकवलीच, तर ऐकून घे आणि सोडून दे. २०११ पासून मोजमापात गेट आहे, फार हळू भाग हिशेबातच धरत नाहीत.

बरं, काम करायचं कसं? बोलणं आधी. मीटर झाक, स्पीकर हळू ठेव आणि एका माणसानंतर दुसरा बोलतो तिथे कान दे. जिथे आपोआप पुढे वाकावंसं वाटतं, ती क्लिप कमी आहे. तिथे क्लिप गेनने सारखं कर. सगळ्या क्लिपा निवडून एकदम नॉर्मलाइझ करायचा मोह होईल, पण मग हुंकारही भाषणाएवढा मोठा होतो आणि मागचा पंखासुद्धा! बोलणं बसलं की त्याखाली संगीत. मग पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत पूर्ण कार्यक्रम एकदा चालवून इंटिग्रेटेड, म्हणजे पूर्ण सरासरीचा, आकडा बघ. प्रीमिअरमध्ये मिक्स ट्रॅकवर लाउडनेस मीटर लावायचा, रिझॉल्व्हमध्ये फेअरलाइटच्या पानावर तो असतोच. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन उघडलंस तर उणे २३ आधीच भरलेलं दिसेल. समज, आकडा उणे १९ आला. मग अख्खा मिक्स चार डीबी खाली. झालं. गणित एवढंच आहे, कारण या मापातलं एक एकक, एक एलयू, म्हणजे एक डीबी. शेवटी लिमिटर, तोही फक्त ट्रू पीकसाठी. आवाज फुगवायला त्याला राबवू नकोस.

आपल्या नाशिकच्या रेडिओ विश्वासची गोष्ट माहीत आहे ना? ९०.८ वाला. २०२० च्या जूनमध्ये शाळा बंद होत्या. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही अशा मुलांसाठी त्यांनी तिसरी ते दहावीचे धडे रेडिओवर आणले, दीडशे शिक्षकांच्या आवाजात. पुढे राष्ट्रीय कम्युनिटी रेडिओ पुरस्कारांत त्या कार्यक्रमाला दुसरा क्रमांक मिळाला. मी मात्र त्या दीडशे गळ्यांचा विचार करते. कोणी माइकला चिकटून बोलणार, कोणी वर्गात बोलल्यासारखं लांबून. छोट्या रेडिओपाशी वही घेऊन बसलेल्या पोराला दर तासाला बटण फिरवावं लागलं, तर गणित डोक्यात शिरेल का? लाउडनेस म्हणजे काय, हे मला या उदाहरणाने जितकं नीट सांगता येतं तितकं कुठल्याच आलेखाने नाही.

आकड्याने सगळं सुधारत नाही, हेही सांगून ठेवते. येत्या सिंहस्थात रामकुंडावर भोंगे, घंटा, गर्दी, आणि त्यात कोणाची तरी बाइट. माइक तोंडापासून हातभर लांब असेल, तर आवाज वाढवला की भोंगाही तेवढाच वाढतो. तिथे कॅमेऱ्यामागच्या दादाला आधीच सांगायचं की कॉलरला लेपल माइक लाव. आणि ढोल पथकाचं शूट करून आलीस की त्या रात्री मिक्सला बसू नकोस. कानात गुंईं चाललेली असते, तेव्हा सगळंच कमी ऐकू येतं आणि हात फेडर चढवत राहतो. शूटला जाताना कानात बोळे घाल, कोणी हसलं तर हसू दे. कान तुझे आहेत.

यूट्यूबचं वेगळं. तिथे साधारण उणे १४ च्या वरचं ते स्वतःच खाली ओढतात, कमी असलेलं मात्र वर उचलत नाहीत. त्यामुळे टीव्हीची उणे २३ ची फाइल तशीच चढवलीस, तर क्लायंटचा ‘आवाजच नाही’ म्हणून फोन आलाच म्हणून समज. पण नऊ डीबी सरसकट वाढवलंस तर ढोलाचे टोले लिमिटरला आपटून चपटे होतील. म्हणून यूट्यूबचा मिक्स वेगळा कर, तिथे लिमिटर हलकेच काम करतोय ना ते कानाने तपास. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलंस तर यूट्यूबने किती खाली ओढलं, ते दिसतं.

वाद झालाच तर भांडायचं नाही. फाइल देताना मीटरचा स्क्रीनशॉट जोडायचा, खाली लिहायचं, ‘आपल्या शीटप्रमाणे उणे २३, ट्रू पीक उणे १ च्या आत’. चॅनेलच्या क्यूसीतून, म्हणजे तांत्रिक तपासणीतून, फाइल परत आली की पैसे अडकतात ते तुझेच, मोठ्याने बोलणाऱ्याचे नाहीत. एवढं करूनही ‘मला हवाय तसा कर’ म्हणाले तर करून दे, फक्त ते मेलवर लिहून घे.

आणि बिलात टीव्हीचा मिक्स आणि यूट्यूबचा मिक्स या दोन वेगळ्या ओळी टाक. काम दोनदा करतेस, मग पैसे एकदाच का?