रक्ताचे पाट

मळ्यात पाटाने पाणी खेळते. पाटात गाळ साचला, तर शेवटचा वाफा वाळतो.

आपल्या अंगातही तसेच आहे. रक्तवाहिन्या म्हणजे रक्ताचे पाट. विडी-तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांनी त्या आतून अरुंद होतात. मग चालताना पोटरी दुखते, थांबलो की राहते. हे नुसते म्हातारपण नव्हे. डॉक्टरांना दाखवावे.

आपण काय करावे? विडी आजच सोडावी. मीठ दिवसाला एक लहान चमचा पुरे; लोणचे-पापडातले मीठही त्यातच आले. रोज अर्धा तास चालावे. रक्तदाब दुखत नाही. तो मोजूनच कळतो. त्याचे औषध आपल्या मनाने बंद करू नये.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर अंगाऱ्यात वेळ घालवू नये. तडक इस्पितळ गाठावे.